बारा बोअरची नळी आखूड असेल तर: वीस इंचांचा नियम आणि वारसांनी करायच्या गोष्टी

आजोबांची किंवा वडिलांची बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक (शॉटगन), घरात आहे, परवानाधारक वारले आणि आता बंदूक आपल्या नावावर करून घ्यायची आहे. कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिमेला, विदर्भात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे हा प्रसंग बऱ्याच घरांत येतो. अर्ज भरण्याआधी एक गोष्ट मात्र फारसं कुणी तपासत नाही, ती म्हणजे नळीची लांबी. कधीतरी तोंडाशी नळी फाटली, गावच्या मिस्त्रीने चार बोटं कापून दिली आणि विषय संपला असं घरच्यांना वाटतं. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथेच सुरू होतो.

पुढे दिलेलं सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे, म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६. नळी आखूड निघाली तर वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल. पण वकिलाकडे काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, ते यातून कळेल.

१. दोन प्रश्न वेगळे ठेवा

सगळा गोंधळ इथे होतो. आखूड नळीबद्दल कायदा दोन निराळे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: नळी आज किती लांब आहे? गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, म्हणजे जिच्या नळीत आतून आटे नाहीत अशा बंदुकीची नळी २० इंचांपेक्षा कमी असेल, तर तिचा वर्गच बदलतो. मग ती कारखान्यातून तशीच आली की मागाहून कापली, याने फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न: नळी कुणी कापली आहे का? कलम ६ प्रमाणे परवाना घेतल्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. या कलमात २० इंचांचा उल्लेखच नाही. ३० इंची नळी कापून २८ केली तरी बिगरपरवाना कापणं हा गुन्हाच आहे.

"वीसच्या वर आहे ना, मग काय बिघडलं?" असं दुकानातही ऐकू येतं. त्याने फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये आणखी एक भर पडली: एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात जाईल असा बदल करायलाही परवाना लागतो. त्यामुळे २८ इंची नळी कापून १८ वर आणणारा माणूस एकाच कामात त्याच कलमाचा दोन अंगांनी भंग करतो.

२. वर्ग समजून घ्या

नियमांच्या अनुसूची १ मध्ये हत्यारांचे वर्ग दिले आहेत. आपल्या कामाचे तीन.

वर्ग १(अ), निषिद्ध हत्यारं: चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात अशी स्वयंचलित हत्यारं, तोफा वगैरे. आखूड नळीची बारा बोअर यात येत नाही. बातम्यांत तिला सर्रास "प्रोहिबिटेड बोअर" म्हणतात, पण फिर्यादीत कोणतं कलम लागलं आहे ते स्वतः वाचा. निषिद्ध हत्यारासाठी कलम ७ आणि त्याची वेगळी, जास्त कडक शिक्षा आहे.

वर्ग १(ब), निर्बंधित हत्यारं: २० इंचांपेक्षा कमी नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका इथे येतात. अर्धस्वयंचलित बंदुकाही याच वर्गात आहेत (पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर यांची सोय वेगळी). म्हणजे अर्धस्वयंचलित शॉटगनची नळी २८ इंच असली तरी ती इथेच मोजायची. पंप ॲक्शनचं तसं नाही. तिच्यात दर बाराला पुढचं लाकूड हाताने मागेपुढे करावं लागतं, त्यामुळे ती अर्धस्वयंचलित ठरत नाही. तिच्यासाठी नळीची लांबी बघायची.

वर्ग ३, सर्वसाधारण परवान्याची हत्यारं: मागून काडतूस भरायच्या, २० इंच किंवा जास्त नळीच्या एकनळी-दुनळी बंदुका. जुन्या परवान्यावर यांना एस.बी.बी.एल. आणि डी.बी.बी.एल. लिहिलेलं असतं. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीला एस.बी.एम.एल.

हा फरक कामाचा आहे, कारण परवाना कुणाच्या हातात आहे ते त्यावर ठरतं. वर्ग ३ चा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त. निर्बंधित हत्याराचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो आणि तिथे जिवाला असलेला गंभीर धोका दाखवावा लागतो. "आजोबांची आठवण" हे कारण तिथे चालत नाही.

कलम १३(३) सुद्धा वाचून ठेवा. भारतीय नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक मागितली, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर अर्जदार अपात्र नसेल तेव्हा परवाना "द्यावा" असं हे कलम म्हणतं. इतर हत्यारांना "सबळ कारण" दाखवावं लागतं. वीस इंच ही रेघ अशी दोन्हीकडून काम करते. वर असाल तर कायदा तुमच्या बाजूला झुकलेला असतो, खाली गेलात तर तुमच्या विरुद्ध.

३. मोजायच्या आधी बंदूक रिकामी करा

दुनळी असेल तर नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून उघडा आणि दोन्ही नळ्यांत मागून उजेड दिसतो का बघा. गंजून अडकलेलं जुनं काडतूस दिसलं तर ठोकून काढू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा.

ठासणीच्या बंदुकीत धोका जास्त. भरून ठेवलेली बार वीस-पंचवीस वर्षांनीही उडू शकते, काळी दारू कोरडी राहिली तर ती मरत नाही. आधी बोंडीवरची (घोडा जिथे आपटतो त्या मागच्या टोकावरची) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, काढा. मग तोंडासमोर न येता बाजूने लाकडी काठी हलक्या हाताने आत सरकवा, जिथे थांबेल तिथे खूण करा आणि ती काठी नळीला बाहेरून लावून बघा. काठीचं टोक बोंडीपर्यंत पोचत नसेल, दोन-चार बोटं आधीच थांबत असेल, तर बंदूक भरलेली आहे असं धरून चाला. पुढे हात लावू नका, पोलीस ठाण्याला तसं स्पष्ट सांगा.

४. लांबी मोजा

लागणाऱ्या वस्तू: पोलादी पट्टी किंवा ताठ टेप, सरळ लाकडी काठी, पेन्सिल, मोबाईलचा कॅमेरा. शिंप्याची टेप नको, ती ताणली जाते.

दुनळी किंवा एकनळी मोडती (मधून वाकवून उघडायची) बंदूक: पुढचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा. जिथे काडतुसाची कड टेकते त्या मागच्या सपाट तोंडापासून पुढच्या तोंडापर्यंत मोजा. काडतुसाचं घर नळीतच धरायचं. पुष्कळजण घर सोडून मोजतात आणि पावणेतीन इंच उगाच कमी भरतात. काडतूस बाहेर ढकलणारा पोलादी तुकडा मागे आलेला असेल तर तो मोजायचा नाही.

पंप ॲक्शन: सुटी करायची गरज नाही. रिकामी असल्याची खात्री करून बंद करा, तोंडातून काठी आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करून तेवढी काठी मोजा. पुढे आटे लावून बसवलेला सुटा चोक (तोंड किंचित अरुंद करणारा भाग) नळीबाहेर येत असेल तर तो काढून मोजा.

२० इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर. हा आकडा लिहून ठेवा. "अर्धा मीटर आहे, पुरेशी आहे" म्हणणारे इथेच फसतात, कारण ५० सेंटिमीटर म्हणजे १९.७ इंच, रेघेच्या खाली. बरोबर २० इंच भरली तर ती वर्ग ३ मध्ये राहते, कारण कायदा "२० इंचांपेक्षा कमी" म्हणतो. पण एखाद्या सुताचा प्रश्न असेल तर स्वतःच्या मापावर विसंबू नका, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी माप घ्या.

दस्ता मोजायची गरज नाही. भारतात पूर्ण बंदुकीच्या लांबीवर हा वर्ग ठरत नाही.

५. नळी कापलेली आहे का ते ओळखा

जुन्या विलायती दुनळ्या साधारण २८ किंवा ३० इंच नळीच्या येत. तुमची २४ भरली तर शंका घ्या. मग तोंड नीट बघा.

दुनळीच्या दोन नळ्या मागे एकमेकींपासून दूर असतात आणि पुढे जाताना जवळ येतात. कारखान्यातल्या तोंडाशी त्या जवळजवळ चिकटलेल्या असतात. नळी मधेच कापली की त्या दोघींमध्ये, वरच्या आणि खालच्या पट्टीच्या आत, एक तिकोनी पोकळी उघडी पडते. जाणता कारागीर तिथे पितळेचा किंवा पोलादाचा तुकडा झाळून बसवतो. गावच्या मिस्त्रीने शिसं ओतलेलं असतं, नाहीतर काहीच केलेलं नसतं. ही खूण बहुतेकदा लपत नाही.

दुसरी खूण चोकची. बारा बोअरचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो आणि चोक असलेल्या नळीचं तोंड त्याहून किंचित अरुंद असतं, फुल चोक असेल तर जवळपास एक मिलिमीटरने. चोक तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांतच असतो, त्यामुळे नळी कापली की तो गेलाच. दोन्ही तोंडं आतून सरळ १८.५ भरली तर संशय वाढतो. खात्री मात्र होत नाही, कारण काही बंदुका चोकविनाच यायच्या. शिवाय नेम धरायचा मणी तोंडाच्या अगदी काठावर किंवा गायब असणं, वरच्या पट्टीवरची नक्षी अचानक तुटणं, फक्त तोंडाशीच ताजा रंग असणं, हे सगळं टिपून ठेवा. प्रत्येक खुणेचा फोटो काढा, फोटोत पट्टी ठेवून.

नळीवरचा नंबर सहसा मागच्या बाजूला, नळ्या सुट्या केल्यावर खालच्या सपाट भागावर दिसतो, त्यामुळे पुढून कापल्याने तो जात नाही. तरी तो परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का हे याच वेळी बघून घ्या. नंबर खरवडलेला निघाला तर कलम ८ आड येतं. ज्याच्या ताब्यात हत्यार आहे त्यानेच तो खरवडला असं हे कलम गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं त्याच्यावर येतं.

६. जुने कागद शोधा

मूळ परवाना, नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती, दुरुस्तीची बिलं, बंदुकीसोबतचे जुने फोटो. जुन्या परवान्यांवर बोअर, प्रकार, नंबर आणि बनावट असते, नळीची लांबी बहुधा नसते. म्हणून लांबी लिहिलेली खरेदीची पावती हाती लागली तर तिला जपा. ज्या दुकानातून बंदूक घेतली ते चालू असेल तर त्यांच्या विक्रीच्या नोंदवहीतला उतारा मागा.

हे कागद कशाला? नळी कधी कापली यावर शिक्षेची चौकट ठरते. कलम ६ च्या भंगाला डिसेंबर २०१९ पासून किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि दंड आहे. त्याआधी ३ ते ७ वर्षं होती, आणि आधीच्या कृत्याला नंतरची वाढीव शिक्षा लावता येत नाही. शिवाय कलम ६ कापणाऱ्याला पकडतं. नुसती विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा कलम ३ चा, त्याला आता २ ते ५ वर्षं आणि दंड. कलम ३ च्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. कलम ६ ला तशी अट नाही. वडिलांनी १९८० च्या सुमारास कापून घेतली हे जुन्या फोटोवरून दाखवता आलं, तर तुमच्यापुरतं प्रकरण पुष्कळ वेगळं दिसतं.

७. बंदूक जमा करा, मग बोला

परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवायचा हक्क आपोआप वारसाकडे येत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. लांबी बरोबर असो वा नसो, ही पायरी चुकवता येत नाही. तेरावं झाल्यावर बघू, शेतीचा हंगाम उरकल्यावर बघू असं करत वर्ष जातं, आणि मग उशिराचं कारण विचारलं जातं.

नळी २० इंचांच्या वर आणि न कापलेली: सरळ जमा करा, पावती घ्या.

नळी आखूड किंवा कापलेली: आधी वकिलाला कागद आणि फोटो दाखवा, पण त्याच आठवड्यात, महिन्याने नव्हे. मग दोन प्रतींत अर्ज लिहा: परवानाधारकाचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, हत्याराचा नंबर, आज आढळलेली लांबी, आणि "ही बंदूक वारसाने मिळालेली असून आहे त्या स्थितीत जमा करत आहोत" हे वाक्य. एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. ठाण्यात आधी फोन करून जा. बंदूक रिकामी, नळ्या सुट्या करून, खोळीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत मोजून. पावतीवर लांबी आणि तोंडाची स्थिती लिहून मागा. ठाणे अंमलदार नुसतं "१२ बोअर बंदूक एक नग" लिहून मोकळे व्हायला बघतात. नम्रपणे पण ठामपणे लांबी लिहून घ्या, नाहीतर पुढे ती कुठे आणि कुणाच्या हाती कापली गेली यावर वाद होऊ शकतो.

८. वारसाचा अर्ज

बंदूक वर्ग ३ मध्ये बसत असेल तरच हा रस्ता सरळ आहे. अर्ज नमुना ए-१ मध्ये, ऑनलाइन प्रणालीतून. सोबत सहसा हे लागतं:

• मूळ परवाना आणि त्यावरचा एकमेव ओळख क्रमांक (यू.आय.एन.)
• मृत्यूचा दाखला
• वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं
• बंदूक जमा केल्याची पावती
• ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे (वय २१ पूर्ण हवं), फोटो
• शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला
• हत्यार सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला
• सुरक्षित ठेवण्याची हमी
• शेतीसंरक्षणासाठी असेल तर सातबारा

नाहरकतीवर बहिणींची सही राहून जाते आणि अर्ज तिथेच अडकतो. लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांचा वारसा संपत नाही. तसंच, एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाची बंदूक त्याला अपवाद नाही. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर दुसऱ्या भावंडाच्या नावाने अर्ज करा.

परवानाधारक हयात असतील तर त्यांनाच अर्ज करायला सांगा. वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्या नावावर असेल तर ते हयातीत वारसाच्या नावाने प्रक्रिया सुरू करू शकतात. नळीबद्दल विचारायलाही तो माणूस समोर असतो, हा मोठा फायदा.

नळी २० इंचांच्या आत असेल तर वर्ग ३ चा अर्ज भरून "बघू मंजूर होतो का" असं करू नका. चुकीचा प्रकार लिहिलेला अर्ज पुढे तुमच्याविरुद्धच कागद होतो. अशा बंदुकीवरचा हक्क सोडून ती सरकारजमा होऊ देणं हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. भावनिक किंमत मोठी असते हे खरं, पण सव्वा फूट नळीच्या गंजक्या बंदुकीसाठी मंत्रालयापर्यंत झगडण्यात अर्थ नाही.

९. नळी खरोखर खराब झाली असेल तर

तोंडात चिखल जाऊन बार उडाली तर नळी तोंडाशी फुगते किंवा फाटते. पोचा पडला असेल तर चांगला कारागीर तो आतून उचलतो, कापायची गरज नसते. फाटली असेल तरी आधी नळी बदलता येते का ते विचारा.

कापण्याशिवाय इलाजच नसेल तर क्रम असा: परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून लेखी अभिप्राय, त्यात आजची लांबी आणि कापल्यानंतरची लांबी. फोटो जोडून परवाना अधिकाऱ्याकडे कलम ६ खाली अर्ज. परवाना हातात आल्यावरच काम. काम झाल्यावर नवं माप लेखी घेऊन परवान्याच्या नोंदीत चढवणं. "तोंडी हो म्हणाले" याला किंमत शून्य. दुरुस्तीवाल्याचा कलम ५ चा परवाना त्याच्या धंद्यासाठी आहे, त्यात नळी आखूड करण्याची मुभा आपोआप येत नाही.

१०. हमखास चुका

"जाम आहे, उडत नाही, म्हणजे परवाना नको." कलम ४५ ची सूट जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, इतपत निकामी असेल तरच. गंजलेला घोडा अर्ध्या दिवसात सुटतो.

"नुसती जादा नळी आहे, बंदूक नाही." कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही बंदूक धरले जातात. पेटीत आखूड नळीचा दुसरा जोड असेल तर तोही मोजा आणि तोही जमा करा.

"व्हिडिओत १८ इंच कायदेशीर सांगितलं." ते अमेरिकेचं. तिथे १९३४ च्या केंद्रीय कायद्यात शॉटगनची रेघ १८ इंच नळी आणि २६ इंच एकूण लांबी अशी आहे. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगनला २४ इंच नळी लागते. अमेरिकेत दुकानात सहज मिळणारी साडेअठरा इंची पंप ॲक्शन भारतात निर्बंधित वर्गात जाते. परदेशातून सामानासोबत बंदूक आणायचा विचार असेल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी नळी मोजा.

"जोडून लांब करून घेऊ." कापलेल्या नळीला नळकांडं झाळून वीस इंच भरवणारे महाभाग आहेत. आधीचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, पुरावा बदलल्याचा संशय वाढतो आणि पहिल्या बारालाच तो सांधा उडून डोळा जाऊ शकतो.

"रानात पुरून टाकू, विहिरीत टाकू." परवान्यावर नंबर आहे आणि ऑनलाइन नोंदीतही आहे. बंदूक कुठे गेली हा प्रश्न आज ना उद्या वारसांच्या दारात येतोच, आणि तेव्हा दाखवायला पावती नसते.